मॅन्युअल लिहायच्या आधी एकदा डेअरीवर जाऊन या

मी लिहिलेलं पहिलं मॅन्युअल ६४ पानांचं होतं. दूध संकलन केंद्रावर दुधातली फॅट मोजायचं मशीन, वजनकाटा आणि पावती काढणारं सॉफ्टवेअर असा तो संच. पहिल्या पानावर "आमचे उत्पादन निवडल्याबद्दल धन्यवाद", मग स्क्रीनवरच्या प्रत्येक बटणाला एक परिच्छेद, डावीकडून उजवीकडे. वर्षभराने संगमनेरजवळच्या एका गावात केंद्रावर गेलो, तर ते पुस्तक सचिवांच्या टेबलावरच होतं, कोपरे हाताळून मऊ झालेले. मी मनात खूश. उघडून बघितलं तर शेवटी 'नोंदी'साठी कोरी सोडलेली आठ पानं दूध उत्पादकांच्या उचलींनी गच्च भरलेली. कोणी पेंडीची पोती नेलेली, कोणी मुलीच्या लग्नासाठी पैसे उचललेले. आधीची ५६ पानं मात्र करकरीत.

"कागद चांगलाय तुमचा," सचिव अण्णा म्हणाले.

त्या पुस्तकात एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मशीन जसं होतं तसंच लिहिलेलं होतं. पण हे पुस्तक कोण उघडणार, किती वाजता, आणि कोणतं काम अडलं म्हणून उघडणार, हे मी लिहायला बसण्यापूर्वी कोणालाच विचारलं नव्हतं. त्यानंतर हळूहळू एक रीत बसली. ती इथे मांडतो. उदाहरण दुधाचं आहे कारण ते मला जवळून माहीत आहे. तुम्ही बँकेच्या ॲपबद्दल लिहीत असा किंवा ठिबकच्या फिल्टरबद्दल, रीत फारशी बदलत नाही.

आधी तक्रारींची वही

बाहेर पडण्याआधी ऑफिसातच अर्धं काम होतं. हेल्पलाइनवर बसणाऱ्यांकडून मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी मागून घ्या. नोंदी नसतील तर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून दोन दिवस फोन ऐका. फोन करणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. "कॅलिब्रेशनची समस्या" असं लिहिलंत तर वाक्य मेलं. तो म्हणाला होता, "सगळ्यांचीच फॅट आज खाली लागतीय." ह्या वाक्यात किती माहिती आहे बघा. एकाची नाही, सगळ्यांची. कालपर्यंत ठीक होतं. म्हणजे गायींमध्ये काही झालेलं नाही, मशीनमध्ये झालंय. आणि हे त्याला माणसं समोर उभी असताना कळलंय.

आमच्या वहीत पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं साधारण अशी होती: "पावतीवर नाव भलत्याचंच आलं", "लाइट गेली आणि सकाळचं कलेक्शन दिसंना", "बिल जुळत नाही", "मशीन पाणी दाखवतंय, पण माणूस तसा नाही."

फोनची वेळही लिहा. आमच्याकडे बाकीच्या तक्रारी सकाळी सहा ते आठमध्ये यायच्या, बिलाची तक्रार मात्र महिन्याच्या १, ११ आणि २१ तारखेला दुपारी. दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं, त्यामुळे ह्या तारखा. वेळ एवढी वेगळी असेल तर वाचणारा माणूसही वेगळा असणार, हा पहिला धागा इथे हाताला लागला.

ह्या वहीवर सगळी भिस्त मात्र ठेवू नका. ज्यांनी आपापला जुगाड शोधून काढलाय ते फोन करत नाहीत, आणि शिकण्यासारखं बरंचसं त्यांच्याकडेच असतं.

वाचक कोण

कामाच्या कागदावर लिहिलं होतं, "युजर: डेअरी ऑपरेटर." प्रत्यक्षात केंद्रावर पाच जण निघाले.

मशीनवर बसणारा पोरगा, वय बावीस-तेवीस. मोबाइल त्याच्या बोटांवर नाचतो, पण सकाळी साडेपाचला हात दुधाने ओले आणि डोळ्यांवर झोप. रांग असताना एका ओळीपेक्षा जास्त वाचणं त्याला शक्यच नाही.

त्याची बदली. तो परीक्षेला किंवा लग्नाला गेला की बहीण नाहीतर चुलतभाऊ बसतो. पुस्तकाची सगळ्यात जास्त गरज ह्या माणसाला आहे आणि कुठल्याही यादीत त्याचं नाव नसतं.

सचिव. दुपारी चष्मा लावून सावकाश वाचतात. कॉम्प्युटरला जरा बिचकतात, पण हिशोबात तुम्हाला-मला विकून खातील.

उत्पादक. हे मशीनला हात लावत नाहीत. पावती मात्र रोज दोनदा वाचतात, आणि ती पावतीही आपल्याच डॉक्युमेंटेशनचा भाग आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मेकॅनिक. त्याला वाक्यं नकोत, आकड्यांचा एक तक्ता हवा.

सहावा एक असतो, खरेदीवर सही करणारा. तो मशीन कधीच वापरत नाही, पण "धन्यवाद" असलेलं पहिलं पान खरं तर त्याच्यासाठी लिहिलेलं असतं. त्याला वेगळं माहितीपत्रक द्या, पुस्तकातून वगळा.

प्रत्येकाबद्दल चार गोष्टी लिहून काढा. त्याला आधीच काय येतं? काम करताना हातात काय असतं? थांबायला वेळ किती? आणि आत्ता अडलं की तो कोणाला विचारतो? चौथ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जपा. आमचा पोरगा शेजारच्या गावातल्या केंद्रावरच्या मित्राला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकायचा आणि दोन मिनिटांत उत्तर यायचं. तुमच्या पुस्तकाची स्पर्धा त्या मित्राशी आहे. त्याची उत्तरं मागून ऐका. मी ऐकली. एकही उत्तर वीस सेकंदांवर नव्हतं आणि प्रत्येकाची सुरुवात "आधी बघ" अशी होती: आधी बघ नळी दुधात बुडलीय का, आधी बघ गाय लावलंय का म्हैस.

कॉर्पोरेट प्रशिक्षणांत शिकवतात तशी "रमेश, वय ३२, क्रिकेटची आवड" छापाची फोटोसकट पोस्टरं मीही बनवली आहेत. भिंतीवर बरी दिसतात. रमेशला क्रिकेट आवडतं म्हणून माझं एकही वाक्य कधी बदललं नाही. त्याचे हात ओले असतात हे कळल्यावर मात्र अख्खं पुस्तक बदललं.

जा, बाजूला उभे राहा, गप्प बसा

इथे वेळ घालवा, बाकी ठिकाणी वाचवा. किमान दोन फेऱ्या करा: एक साध्या दिवशी, एक बिलाच्या दिवशी. पहिलं दूध येण्याच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि सरळ सांगून टाका, "तुमची परीक्षा नाहीये, माझ्या पुस्तकाची आहे." तरी पहिली दहा मिनिटं मशीनवरचा माणूस पुस्तकी पद्धतीने वागेल. रांग वाढली की तुम्हाला विसरेल. खरं काम तेव्हा सुरू होतं.

वहीत चार रकाने आखा: वेळ, काय घडलं म्हणून, काय केलं, आणि कशाकडे बघितलं किंवा काय बोलला. माझ्या वहीतलं एक पान, जरा साफसूफ करून:

५:५२. तात्यांनी कॅन ठेवला. पोराने दूध काट्यावरच्या भांड्यात ओतलं, वजन थांबायची वाट बघितली. तात्यांचा उत्पादक नंबर विचारला नाही, चेहऱ्यावरून टाकला.

५:५३. दूध ढवळून नमुना घेतला, बाटली मशीनच्या नळीखाली लावली, बटण दाबलं. मशीनला साधारण पाऊण मिनिट लागतं.

५:५३. मशीन चालू असतानाच पुढच्या मावशींचं दूध काट्यावर ओतलं आणि त्यांचा नंबर टाकायला सुरुवात केली.

५:५४. मशीन वाजलं. तो थबकला, नंबर पुसला, तात्यांचा परत टाकला. "च्यायला." पावती निघाली.

हे "च्यायला" म्हणजे पुस्तकातलं एक प्रकरण आहे. माझ्या ६४ पानांनी गृहीत धरलं होतं की एका उत्पादकाचं काम संपलं की दुसऱ्याचं सुरू होतं. त्या केंद्रावर दीड तासात सत्तर जणांचं दूध येतं, म्हणजे माणशी सव्वा मिनिटापेक्षा थोडं जास्त. त्यातलं पाऊण मिनिट मशीनचं. त्या वेळात हात बांधून बसलं तर रांग रस्त्यावर जाईल, म्हणून तो दोघांचं काम एकमेकांत घालतो. "पावतीवर नाव भलत्याचंच आलं" ह्या तक्रारीचं मूळ इथे होतं, आणि ऑफिसात बसून ते मला जन्मात सापडलं नसतं.

मी आधी लिहिलं, "पहिल्याची पावती निघेपर्यंत दुसऱ्याचा नंबर टाकू नये." वाक्य बरोबर आणि कुचकामी. मग ही गोष्ट डेव्हलपरांपुढे ठेवली: बटण दाबतानाच नंबर नमुन्याला जोडा, नंतर नको. त्यांनी बदल केला, आणि ते वाक्य लिहायची गरजच संपली. अशा गोष्टींची वेगळी यादी ठेवा. ज्या कामासाठी तुम्हाला इशारा लिहावासा वाटतो, ते काम आधी दुरुस्त होतंय का बघा.

विचारायचंच तर मागच्या वेळेचं विचारा

"तुम्हाला मॅन्युअलमध्ये काय हवंय?" हा प्रश्न विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याला नाराज करत नाहीत. "सगळं चांगलंय साहेब, चित्रं थोडी मोठी टाका" असं उत्तर येईल आणि चहा येईल.

जॉन फ्लॅनगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर केलेल्या कामातून ती आली होती. तिचं सार असं की माणसाचं मत विचारू नये, त्याच्यासमोर घडलेला एक नेमका प्रसंग विचारावा. आपल्या भाषेत: "मागच्या वेळी मशीन अडलं तेव्हा काय झालं होतं? किती वाजले होते? आधी काय केलंत? मग?" माणसं मत देताना सभ्य असतात, गोष्ट सांगताना खरी असतात.

अण्णांना मी विचारलं, बिलावरून शेवटचं भांडण कधी झालं. त्यावर चाळीस मिनिटं बोलले. त्यात मला सापडलेलं सोनं म्हणजे ह्या केंद्रावरचं सगळ्यात अवघड काम मशीनवरचं नाहीच. ते काम असं आहे: मावशी काउंटरवर पावती आपटतात आणि म्हणतात, "काल फॅट तीन आठ होती, आज तीन चार कशी? गाय तीच, पेंड तीच." मागे तीस माणसं ऐकत असतात. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून ठरतो, त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ला, पैसे कापले जातात. त्यामुळे मावशींचा प्रश्न पैशाचा असतो आणि पोराकडे उत्तर नसतं.

उत्तरं असतात. धारेच्या सुरुवातीच्या दुधात फॅट कमी आणि शेवटच्या दुधात जास्त, म्हणून शेवटचं दूध वासराने प्यायलं तर कॅनमधली फॅट उतरते. कॅन उभा राहिला की साय वर येते. न ढवळता वरचं घेतलं तर फॅट वाढून दिसते, खालचं घेतलं तर घटून. कडबा कमी आणि हिरवा चारा व खुराक जास्त झाला तरी फॅट पडते. आणि म्हशीच्या सेटिंगवर गायीचं दूध लावलं तर आकडाच भरवशाचा नाही. ह्यातली एकही गोष्ट माझ्या पुस्तकात नव्हती, कारण मावशींना उत्तर देण्याचं बटण स्क्रीनवर नव्हतं.

कामांची यादी

आता बसून यादी करा. प्रत्येक ओळ क्रियापदावर संपली पाहिजे आणि वापरणाऱ्याच्या तोंडची वाटली पाहिजे. "रिपोर्ट मॉड्यूल" हे काम नाही. "दहा दिवसांचं बिल काढणं" हे काम आहे. "सेटिंग्ज" हे तर कधीच काम नसतं. सेटिंगमध्ये जाऊन माणूस काहीतरी करतो, ते लिहा: "नवा भाव लावणं".

प्रत्येक कामापुढे टिपा: सुरुवात कशाने होते, किती वेळा होतं, चुकलं तर काय बुडतं, आणि झालं हे कसं कळतं. शेवटचा मुद्दा आपण नेहमी विसरतो. "सेव्ह दाबा" इथे माझी कृती संपायची. पोराला हवं असायचं की सेव्ह झालं हे ओळखायचं कशावरून.

आमची यादी ४१ ओळींची झाली. मग दोन प्रश्नांची चाळणी लावली: किती वेळा, आणि किती नुकसान. रोज शंभरदा होणारी कामं, म्हणजे वजन, नमुना, पावती, ती हाताला आपोआप बसतात. त्यांच्यावर अर्धं पान पुरे, तेही बदलीसाठी. वर्षातून एकदा होणारी निरुपद्रवी कामं, पावतीवरचा लोगो बदलणं वगैरे, फोनवर सांगता येतात. त्यांवर माझी अकरा पानं गेली होती. पुस्तकाचा जीव क्वचित होणाऱ्या पण महाग पडणाऱ्या कामांत असतो: मध्येच लाइट गेल्यावर कलेक्शन पुन्हा सुरू करणं, भाव बदलल्याच्या दिवशी बिल काढणं, सगळ्यांचीच फॅट खाली लागली तर मशीन तपासणं.

एक काम फोडून दाखवतो, म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल. काम: सगळ्यांची फॅट खाली लागतेय, मशीन तपासणं.

सुरुवात: लागोपाठ तीन-चार जणांनी तक्रार केली. पहिलं बघणं: गाय-म्हैस सेटिंग. ते बरोबर असेल तर बाटलीत फेस आहे का. हवा गेली की आकडा बिघडतो, तेव्हा नमुना न घुसळता हळूच वरखाली करून परत लावायचा. तरीही तसंच असेल तर काल मशीन धुतलं होतं का? नळीत दूध वाळून थर बसला असेल तर कंपनीने दिलेल्या द्रावणाने धुऊन, मग साध्या पाण्याने. नंतर कालची फॅट पक्की माहीत असलेल्या एकाचा नमुना दोनदा लावायचा. दोन्ही आकडे जुळले आणि तरीही खालीच असले तर थांबायचं, मेकॅनिकला फोन. तोवर गर्बर पद्धतीने, म्हणजे लोक म्हणतात तसं ॲसिडवर, फॅट काढायची सोय असेल तर ती वापरायची. नसेल तर नमुने झाकून ठेवायचे.

ह्यात जागोजागी निर्णय आहेत आणि एका ठिकाणी "आता तुझं काम संपलं, दुसऱ्याला बोलव" असं स्पष्ट सांगणं आहे. कृती फोडताना ह्या जागा शोधा. बटणांची नावं नंतर आपोआप येतात. कामं फोडून झाली की इंजिनिअरकडे जा, त्याआधी नको. आधी गेलात तर ते फीचर्सची यादी हातात देतील आणि नकळत तीच तुमची अनुक्रमणिका होईल.

शब्द

वहीत मागच्या पानावर शब्दांची जोडी लिहीत जा. आमच्या स्क्रीनवर होतं "मेंबर कोड", लोक म्हणत "नंबर". स्क्रीनवर "ॲडेड वॉटर", लोक म्हणत "पाणी दाखवतंय". मी शुद्ध मराठीच्या हौसेने "स्निग्धांश" लिहिलं होतं. फॅट म्हणा. केंद्रावर पंच्याहत्तर वर्षांच्या आजीही फॅट म्हणतात. उलट "टेअर" कोणालाच कळत नव्हतं, तिथे "काटा शून्य करा" लागलं.

कागद कुठे राहणार

आयबीएम ह्या कॉम्प्युटर कंपनीत जॉन कॅरल आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ऑफिसातली माणसं वर्ड प्रोसेसर, म्हणजे मजकूर टाइप करायची यंत्रणा, शिकताना बघितली. पुस्तक क्रमाने वाचायला कोणी तयार नव्हतं, सगळे थेट करून बघत होते, आणि जाडजूड पुस्तकापेक्षा सुटसुटीत कार्डांवर चांगलं शिकत होते. केंद्रावर तेच दिसलं, फक्त कार्ड ओलं होतं. म्हणून वाचक आणि काम ठरल्यावर जागा ठरवा. मशीनमागच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला एक कागद, तीन हातांवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात, "आधी बघ" ह्या क्रमाने. सचिवांसाठी बिलाची १२ पानांची वही. मेकॅनिकला तक्ता. उत्पादकांसाठी पावतीच्या पाठीवर चार ओळी: फॅट रोज का बदलते. आणि वहीच्या शेवटी १६ पानं उचलीसाठी, आता रीतसर रकाने आखून: तारीख, नाव, कशासाठी, रक्कम, वळती.

ह्या सगळ्याला वेळ का द्यावा असं साहेबांनी विचारलं तर आयईसी आणि आयईईई ह्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं ८२०७९-१ हे मानक पुढे करा. वापराच्या माहितीबद्दलचं, २०१९ची आवृत्ती. माहिती कोणासाठी आहे ते आधी ठरवा, असं तेही सांगतं. मानकाचा नंबर ऐकला की बजेट लवकर निघतं, हा अनुभव आहे.

जाता येत नसेल तर

ग्राहक जर्मनीत आणि तुम्ही हिंजवडीत असाल तर डेअरीवर जाणं होणार नाही. तेव्हा हेल्पलाइनची रेकॉर्डिंग ऐका, एखाद्या वापरणाऱ्याला स्क्रीन दाखवत त्याचं रोजचं काम करायला सांगा, त्याच्या टेबलाचा फोटो मागवा. मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या म्हणजे तुमच्या पुस्तकात जे नाही त्याची अनुक्रमणिका. एपीआयची, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीची, माहिती लिहीत असाल तर वाचक कोड लिहिणाराच आहे, पण त्याचीही रांग असते. रात्री अकराला एरर मेसेज हातात धरून तो येतो. तो मेसेज जसाच्या तसा तुमच्या पानावर सापडला पाहिजे.

लिहिल्यावर नव्हे, लिहिता लिहिता तपासा

भिंतीवरच्या कागदाचा पहिला खर्डा हाताने लिहून नेला होता. पोराला दाखवला नाही, त्याला सगळं येतंच. त्याच्या बहिणीला दिला, ती मशीनवर आधी एकदाच बसली होती. मी मागे हात बांधून उभा. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. "नमुना पुन्हा लावा" लिहिलं होतं. तिने विचारलं, "तोच, का नवा घ्यायचा?"

मला माहीत नव्हतं. मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, फेस असेल तर तोच चालेल, मशीन धुतल्यावर मात्र नवा. ओळ तिथेच खोडून दोन ओळी केल्या, आणि मागे मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, त्यांचं लिहून झालं असेल तर माझं दूध घे."